हे काम कोणाचं हाय?

नखातेजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते धुक्यात, असंच मला आजही वाटतं. खरं तर ती वाफ होती. बालाघाट शहराच्या एका टोकाला, वैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल होती. भिजवून वाफवलेलं धान हिवाळ्यातल्या सकाळी अंगणात ओतलं की सगळं पटांगण पांढरं होऊन जाई आणि धान पसरणाऱ्या बाया त्या पांढऱ्यात अर्ध्याच दिसत. कडेच्या जांभळाखाली एक माणूस खुर्चीत डोळे अर्धवट मिटून बसला होता. चौकीदार असेल समजून मी विचारलं, "मॅनेजर साहेब कुठे भेटतील?"

"भेटले," ते म्हणाले.

बी.कॉम. होऊन मी नोकरी शोधत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्रमाणपत्रं पुढे केली, तर त्यांनी हात हलवला. "तुले काय येते ते नको सांगू. कोणतं काम देल्लं तर तू कोणाले न विचारता करशील, ते सांग."

मी गोंधळले. मग मनात आलं तेच बोलले, "आई आजारी असते. धाकट्या भावंडांना आवरून शाळेत धाडायचं काम माझं आहे. ते मी कोणाला विचारत नाही."

"मंग फाटक तुह्यं," ते म्हणाले. माझी नेमणूक झाली होती.

किरनापूर, लांजीकडून धानाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या येत. कोणती गाडी कधी आत घ्यायची, हे मी ठरवायचं. पहिल्याच आठवड्यात मिलचे मालक असलेल्या सेठजींचे मेहुणे आले आणि आपला ट्रॅक्टर आधी सोड म्हणाले. मी धावत जांभळाखाली गेले. नखातेजींनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"हे काम कोणाचं हाय?"

"माझं."

"मंग मले काहून विचारून राह्यली?"

ट्रॅक्टर रांगेतच राहिला. मेहुणे चिडून नखातेजींकडे गेले, तेव्हा नखातेजी त्यांना म्हणाले, "फाटक त्या पोरीचं हाय. मी मधात बोललो तर ते तिचं राह्यत नाही."

त्यांची सगळी व्यवस्थापकी एवढीच होती, असं वाटायचं. एका कामाला एक माणूस, आणि ते त्याचं आहे हे सगळ्यांसमोर सांगायचं. बॉयलर धरमदासचा. सुकवण्याचं अंगण सुकवारोचं. ती बिरसा तालुक्याकडच्या जंगलातल्या गावाहून आलेली, कमी बोलणारी, सतत आभाळाकडे मान वर असलेली बाई. काम देताना ते थांबवायचा अधिकारही नखातेजी त्याच माणसाला देत. म्हणत, "काम देल्लं आन् हुकूम आपल्यापाशी ठेवला, तं ते देल्लं नाही. नुसतं उचलायले लावलं."

मग ते स्वतः काय करत? लोक म्हणत, झोपा काढतात. मीही एकदा विचारलं, "दिवसभर काय पाहता हो?"

"कोण रिकामा उभा हाय आन् कोणाच्या आंगावर दोघांचं काम पडून राह्यलं, तेवढं दिसते इथून." संध्याकाळी ते हळूच कुणाला इकडून तिकडे हलवत, आणि दुसऱ्या दिवशी मिल किंचित सैल, किंचित हलकी चाले. त्याचं कारण कुणाला कळत नसे.

एका दुपारी अंगणावर अचानक सावली आली. सुकवारोने आभाळ पाहिलं आणि ओरडली, "समेटो!" बाया धावल्या. हमालांनी भरत आलेला ट्रक तसाच टाकला, धरमदासने वाफ बंद केली. सगळ्यांनी मिळून धान ओढून ताडपत्र्यांखाली घातलं. आम्ही हात कमरेवर ठेवून वर बघत उभे राहिलो. ढग सावकाश नदीवर गेला आणि पलीकडच्या रानात विरघळला. थेंबसुद्धा पडला नाही. ट्रक मात्र त्या दिवशी निघू शकला नाही.

सेठजी संतापून आले. "नखातेजी, सो रहे थे क्या? एक औरत ने पूरी मिल रोक दी!"

"उसका काम था, सेठजी."

"गलत किया उसने!"

"हौ, गलत किया," नखातेजी उठून उभे राहिले. त्यांना उभं राहिलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. "गलती मेरे नाम पर डालो. हुकूम उसी का रहेगा."

सेठजी पाय आपटत निघून गेले. सुकवारो मात्र मोडली. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्ट विचारू लागली. पसरू का, उलटू का. नखातेजी उत्तर देत नसत. मग पुन्हा एकदा तसंच आभाळ आलं. ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "साहब, समेटूँ?"

"आँगन किसका है?"

"मुझे नहीं चाहिए आँगन. फिर चूक गई तो?"

"तं मी हाय ना," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

सगळ्या बाया धान ओढायची दाताळी धरून थांबल्या होत्या. वाफ त्यांच्या पायांभोवती फिरत होती. मिलचा आवाजही लांब कुठेतरी गेल्यासारखा वाटला. सेठजी वरच्या खिडकीत उभे होते. मला वाटलं, मीच काहीतरी बोलावं. सुकवारोने आभाळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिचा आवाज अंगणभर गेला, "पलटो! धूप आएगी!"

ऊन आलं की पाऊस, ते मला आता आठवत नाही. तिचा आवाज तेवढा आठवतो.

दोन हजार सालानंतर कधीतरी नखातेजी निवृत्त झाले. नवे मॅनेजर चार्ज घ्यायला आले, तर हे म्हणाले, "माह्यापाशी काहीच नाही. ज्याचं त्याले विचारा." हार घातला, पेढे वाटले, आणि सगळे आपापल्या जागी परतले. बॉयलरने वाफ सोडली. सुकवारो बायांवर ओरडत होती. तिने मागे वळून पाहिलंही नाही.

त्यांना किरनापुरच्या बसमध्ये बसवायला मी गेले. ते खिडकीशी बसले.

"मी निघालो, तं कोणाचंच काम अडलं नाही. पाह्यलं काय तू?"

"हो. तुम्हाला हेच तर हवं होतं ना?"

"हौ," ते म्हणाले. बस हलली. त्यांनी खिडकीचे गज धरून तोंड पुढे आणलं, डोळे भरून आले होते. "पण एखांद्याचं तरी अडायले पाह्यजे होतं ना, पोरी? जरासंक."