एकतीस मीटरचा लाल रंग

मंडळी, आज सकाळी माझ्या प्रोग्रॅममुळं काकांनी चांगला पाईप कापला.

केजला काकांचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. कोणाच्या शेतात जोडणी राहिलीय, त्याची यादी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम मी त्यांना करून दिलाय. काम राहिलं असेल तर नाव लाल, झालं असेल तर हिरवं. माझ्या लॅपटॉपच्या टर्मिनलवर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या काळ्या खिडकीत, लई झकास दिसत होतं.

आज दुकानात गेले, तर काका पाईप कापत बसलेले. तीन शेतांसाठी तीन सारखेच तुकडे.

"काका, हे काय?"

"तूच लिवलंय की माय, एकतीस मीटर."

स्क्रीन बघून मी कपाळाला हात लावला. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला रंगाचा कोड कळलाच नव्हता. नाव लाल करायच्या ऐवजी त्यानं नावाआधी तो कोडच छापला होता: [31m. ठिबकवाल्या माणसानं दुसरं काय वाचावं?

"आन नावानंतर [0m हाय, ते?" मी विचारलं.

"शेवटी पाईप उरत न्हाई. शून्य मीटर."

तिथंच बसून दुरुस्त केलं. टर्मिनलला रंग कळत नसेल तर कोड पाठवायचाच नाही. आणि रंग दिसो न दिसो, नावासमोर 'राहिलं' किंवा 'झालं' हे शब्दात लिहायचं.

"पण काका, तिन्ही शेतांना एकतीसच कावून, अशी शंका आली न्हाई?"

"आलती की. पण तू केलंय म्हणल्यावर वाटलं, मलाच कळंना असंल."

तुमच्या कामावर असा डोळे झाकून विश्वास टाकणारं कोणी आहे का? असेल, तर आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून बघा.