अम्मचीचा वर धरलेला हात

बायकोला मूठमाती देऊन आलो त्या संध्याकाळी मी आजीला म्हणालो होतो, "तुझा देव बहिरा आहे, अम्मची." चाळीस दिवस ती पहाटे उठून माझ्या आजारी बायकोसाठी गुडघ्यांवर बसत होती. त्या वयात तिचे गुडघे सुजून लाल व्हायचे. त्या दिवसापासून मी तिला स्तुती देणं बंद केलं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जी कृपा झाली ती माझ्या पुण्याईने झाली, असं कुणाला वाटू नये.

स्तुती म्हणजे काय, ते आमच्या घराबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसेल. अम्मची मूळची केरळची. तिकडच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळची प्रार्थना संपली की लहानांनी एकेक करून मोठ्यांसमोर यायचं, हात जोडून म्हणायचं, "येशूला स्तुती असो." मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "आता आणि सदैव." मनात राग असेल तर आधी तो मिटवायचा, मग स्तुती द्यायची. ती दिल्याशिवाय पोरांना जेवण मिळत नसे. लहानपणी भावाशी भांडून मी कितीदा तरी भुकेपोटी तह केला आहे.

अम्मची बावीस वर्षांची असताना नर्स होऊन आजोबांबरोबर इकडे आली. आर्वीकडच्या एका खेड्यात मिशनचा छोटा दवाखाना होता. आजोबा तिथे कंपाउंडर आणि ही बाळंतपणं करणारी. मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती भाषा शिकली ती कळा देणाऱ्या बायांकडून, त्यामुळे तिचं पहिलं मराठी वाक्य होतं, "दम धर माय, आलंच." पुढे सत्तर वर्षं ती वऱ्हाडीच बोलली, पण सूर मात्र तिकडचाच राहिला. बैलगाडीतून, चिखलातून, कुणाची जात न विचारता ती पोचायची. सगळा पंचक्रोशीचा मुलूख तिला सिस्टरबाई म्हणायचा. आजोबा गेले, माझे आईवडील गेले, मला तिनेच वाढवलं. नंतर आम्ही वर्ध्याला लागून नालवाडीत घर बांधलं तेव्हा तिने एकच मागणी केली, प्रार्थनेची खोली पूर्वेला हवी.

आणि बायको गेल्यावर त्याच खोलीत मी चार वर्षं पाऊल टाकलं नाही. माझी मुलगी रोज तिच्याजवळ बसायची, स्तुती द्यायची. मी बाहेर खुर्चीवर मोबाइल बघत बसायचो. प्रार्थना संपली की अम्मची लगेच उठायची नाही. थोडा वेळ तशीच बसून राहायची. मग भिंत धरून बाहेर यायची आणि बिनदुधाचा चहा मागायची. जेव म्हटलं तर म्हणायची, "सांजच्याले मले भूक नाई राह्यत रे बाबू." वय झालं, असं मी समजून घेतलं. समजून घेणं मला सोयीचंच होतं.

गेल्या वर्षी तिला झटका आला. वर्ध्याच्या इस्पितळात नेलं. जीव वाचला, पण वाचा गेली. डोळे उघडे, ओळख होती की नव्हती, सकाळ-संध्याकाळ कळत होती की नव्हती, ते सांगता येत नव्हतं. पाणी ती गिळत होती, त्यामुळे डॉक्टरांनी पातळ पेज द्यायला सांगितलं. पण पेजेचा चमचा जवळ नेला की ओठ घट्ट मिटायची आणि उजवा हात वर उचलायची. हात लागून चमचा सांडायचा. तीन दिवस असेच गेले. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी नाकातून नळी घालू. नळी तिला नको होती, हे तिने धडधाकट असताना मला दहादा सांगितलं होतं. इतरांना घातलेल्या नळ्या तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी शेवटचा प्रयत्न करत होतो. एका हाताने तिचा हात गादीवर दाबून धरला होता, दुसऱ्या हाताने चमचा. ती डोकं फिरवत होती आणि मी चिडून म्हणत होतो, "खा ना अम्मची, काऊन त्रास देऊन राह्यली?"

शेजारच्या खाटेवर त्याच दुपारी एक बाळंतीण आणली होती. तिच्या उशाशी सासू बसली होती, सत्तरीची, काटक. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. उठून जवळ आली.

"काऊन रे बापू, बाईचा हात काऊन दाबून राह्यला?"

"चमचा लोटून देते मावशी."

"लोटून नाई देत थे. नीट पाह्य ना. तळवा खाली हाय तिचा. हात ठेवाले डोकं पाहून राह्यली."

मी दाबलेल्या हाताकडे पाहिलं. ती म्हणाली, "सिस्टरबाईच न हे? मी पोरगी होती तवा तिच्या घरी भांडे घासाले जात होती. आमी बौद्धवाड्यातले, पण बाई मले आपल्या पंगतीत बसवे. एक खेपी तिचा पोरगा रुसला, दोन दिवस पाया पडाले नाई आला. बाईनं दोन दिवस सांजचं जेवण नाई घेतलं. मी म्हटलं, बाई, पोरगं रुसलं त तुमी काऊन उपाशी? त म्हणे, लेकरू रागात असन त मायच्या गळ्याखाली घास कसा उतरन?" मग माझ्याकडे बघून हसली. "येवढा घोडा झाला न आजीचा हात नाई समजला तुले?"

तो रुसलेला पोरगा म्हणजे माझे वडील. आणि मला एकदम त्या चार वर्षांतल्या संध्याकाळी दिसल्या. स्तुती न दिल्याचा उपवास पोरांसाठी असतो असं मी जन्मभर समजत आलो होतो. मोठ्यांचाही असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. ज्या बाईने मला घास भरवून मोठं केलं, ती माझ्यामुळे चार वर्षं रात्री उपाशी झोपली होती. आणि आता तो हात मी दाबून धरला होता.

मी हात सोडला. खरं सांगतो, त्या क्षणी माझा देवावर विश्वास नव्हता. ते शब्द तोंडात धरवत नव्हते. बायकोची खाट डोळ्यांसमोर होती. तरी मी खाली वाकलो, डोकं तिच्या कुशीशी नेलं आणि कसंबसं म्हणालो, "येशूला स्तुती असो, अम्मची."

हात उतरला. हलका, गरम. बराच वेळ तो माझ्या केसांवर होता. तिचे ओठ हलले, आवाज नव्हता, पण शब्द मला ठाऊक होते. मी डोकं वर केलं तेव्हा तिने तोंड उघडलेलं होतं. सहा चमचे पेज तिने गिळली. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "पाह्य, कशी खाऊन राह्यली. भूक त होतीच बुढीले."

डॉक्टर सकाळी म्हणाले, असं होतं कधीकधी. असेलही. ती मावशी म्हणाली होती, आम्हाला दुसऱ्या वार्डात खाट मिळणार होती, ती भरली म्हणून इकडे आणलं. दुपारी मी घरून परत येऊन नाव विचारायला गेलो, तर सून आणि बाळाला घेऊन ती आर्वीच्या बसला निघून गेली होती. मी यावर वाद घालत नाही. मला माझ्यापुरतं कळलं की मला शोधायला कुणीतरी आलं होतं.

अम्मची त्यानंतर पाच आठवडे घरी राहिली. रोज संध्याकाळी मी स्तुती दिली, रोज ती जेवली. मग एका सकाळी, मुलगी तिचे केस विंचरत असताना, ती शांतपणे गेली.

बायको का गेली याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पूर्वी मला वाटायचं, आधी उत्तर मिळावं, मग विश्वास बसावा, मग डोकं वाकवावं. देवाने माझ्याकडून ते उलट्या क्रमाने करून घेतलं, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

अम्मचीला निरोप दिल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी प्रार्थना संपली आणि घरात सर्वांत मोठा मीच उरलो. मुलगी उठली नाही. अम्मची का जेवत नव्हती हे मी तिला इस्पितळातच सांगितलं होतं, आणि तिने मला अजून माफ केलेलं नव्हतं. ते रास्त होतं. मी माझं ताट झाकून ठेवलं आणि बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती समोर येऊन उभी राहिली, हात जोडले, डोळे मात्र वर केले नाहीत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद देणाऱ्याचा हातही याचकाचाच असतो, हे मला तेव्हा कळलं.

मग आम्ही दोघं जेवायला बसलो.