कॅमेऱ्याच्या हातचं

माझ्या मामाला फोटोच्या धंद्यातले लोक कच्चेमामा म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मामाचे कान तिखट असल्यामुळे त्याला ते माहीत आहे आणि त्याचा त्याला छुपा अभिमानही आहे. नावामागचं कारण असं की, कॅमेऱ्याला सांगून ठेवलं तर तो एका फोटोच्या दोन फायली देतो. एक रॉ, म्हणजे काचेतून जे आत आलं ते जसंच्या तसं, कच्चं. दुसरी कॅमेऱ्याने स्वतःच रंगरंगोटी करून, कडा कोरून तयार केलेली. तयार फाइल बघताक्षणी शार्प दिसते आणि तिच्या शेजारी कच्ची ठेवली तर ती आत्ताच झोपेतून उठून आल्यासारखी दिसते. कुठलाही शहाणा माणूस तयार फाइल छापतो, गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो आणि वेळेवर जेवायला जातो. मामा ती फाइल न बघताच पुसून टाकायचा. "मी कॅमेऱ्याच्या हातचं खात नाही," असं म्हणायचा.

मग कच्ची फाइल घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि स्क्रीनवरची शार्पनेसची पट्टी केसाएवढी सरकवायची. डोळ्यांना जरा जास्त, केसांना बेताने, गालांना जवळजवळ नाहीच. पापण्या मोजता आल्या पाहिजेत, पण मोजाव्याशा वाटता कामा नयेत, हा त्याचा नियम. तो त्याने माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनाही ऐकवला. ते बिचारे जेवत होते, मान हलवण्यापलीकडे काय करणार? पाहुणे आले की एकाच चेहऱ्याचे दोन प्रिंट समोर धरायला लावायचे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून कच्चा कुठला ते सांगायचं, हा घरचा खेळ होता. तो कधी चुकला नाही, आणि कधी चुकला नाही हे सांगायलाही कधी विसरला नाही.

स्टुडिओत मी प्रिंट काढते आणि मामी काउंटर सांभाळते. मामी म्हणजे दुकानाचं तोंड. मामाने गिऱ्हाइकांशी बोलावं अशी आमच्यापैकी कोणाचीच इच्छा नसते.

गेल्या वर्षी मामाची गाडी रुळावरून घसरली. दंतवैद्याच्या बायकोचा फोटो आला तो मी प्रिंटरमधून काढून पुन्हा पाहिला. केस तारेच्या घासणीसारखे, खांद्याभोवती पांढरी रेघ, गालावरचं एकेक छिद्र वेगळं. मी म्हटलं, जरा जास्त कोरलं गेलंय. मामा म्हणाला, फाइलच मऊ, धूसर आली होती. मग सगळ्याच फायली मऊ येऊ लागल्या. त्याने लेन्स बदलली, स्क्रीन बदलला, शेवटी प्रिंटर नीट न ठेवल्याबद्दल माझ्यावर खापर फोडलं. एका सकाळी समोरच्या शिंप्याच्या दारातल्या पुतळ्याला त्याने "काय म्हणताय?" असं विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून शिंप्याला हल्ली फार शिंगं फुटल्याचं आम्हाला येऊन सांगितलं. मामीने डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. मामाने जेवणात मीठ कमी असल्याचं सांगून विषय संपवला.

दंतवैद्याच्या बायकोने फोटो परत आणून दिला, पाठोपाठ आणखी काहींनी. तेव्हा मामीने कट रचला. कॅमेऱ्यातलं कार्ड मामाच्या हाती जाण्याआधी मी तयार फायली काढून ठेवायच्या, त्याच छापायच्या आणि तिने पाकीट चिकटवून गिऱ्हाइकाला द्यायचं. मामा स्क्रीनवर बसून खुशाल कोरत राहील. लोक खूश झाले, कौतुक करू लागले. मामा फुगला. हाताने केलेल्या कामाची सर यंत्राला येत नाही, असं त्याने मलाच दोनदा समजावलं आणि मी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं.

पकडले गेलो ते माझ्या धांदरटपणामुळे. मामा फोटोच्या कडा नेहमी घट्ट कापतो. मीही कापत होते, फक्त व्यायामशाळेच्या मालकाचा फोटो तसाच गेला. तो गृहस्थ प्रेमाने चौकट करून मामाला दाखवायला घेऊन आला. पांढऱ्या पडद्यावर कोपऱ्यात दिव्याच्या स्टँडचा काळा पाय उभा होता, चांगला जाड, मामालाही दिसावा एवढा. मामाने त्या माणसाचे आभार मानले, त्याला दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन चष्मा काढला.

"हे कोणाच्या हातचं आहे?"

"कॅमेऱ्याच्या," मामी म्हणाली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "माझ्या नावावर, माझ्याच दुकानात," एवढंच पुटपुटत राहिला. मामी आत गेली आणि एकाच चेहऱ्याचे दोन प्रिंट आणून तिने टेबलावर ठेवले. एक कच्चा, एक तयार. म्हणाली, "सांगा, कच्चा कुठला?"

त्याने ते उचलले, खिडकीशी नेले, तिरके केले, नाकाला लावले. एरवी मला हसू आवरलं नसतं. त्या वेळी मात्र तो बरोबर सांगू दे असं मला मनापासून वाटत होतं.

"डावा."

"नाही," मामी म्हणाली.

मामा स्टुलावर बसला. मग कळलं की तो गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आला होता, तेही केव्हाच. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. "आतली माझी काच काढून टाकणार आणि कारखान्यातली बसवणार," तो म्हणाला. "म्हणजे मी बघायच्या आधीच कोणीतरी सगळं शार्प करून ठेवलेलं असणार. मग माझं बघणं कुठे राहिलं?"

एवढा बडबडा माणूस हे पोटात ठेवून वर्षभर पट्टी सरकवत बसला होता. मला भरून आलं. मामीला काही भरूनबिरून आलं नाही.

"अहो, कॅमेऱ्याची काच तरी तुम्ही घरी बनवत होतात का? बघत तुम्हीच होतात ना?"

मामाने चष्मा परत नाकावर चढवला आणि मला डॉक्टरांची तारीख घ्यायला सांगितली.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मामा दुकानाच्या दारात बसून एकदा हा, एकदा तो डोळा मिटून जग तपासू लागला. उजवा तयार, डावा कच्चा, असं तो समजावून सांगेपर्यंत, म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना डोळे मारतो अशी बातमी गल्लीच्या टोकाला पोचली होती. आत त्याला कोळिष्टकं दिसली, माझ्या प्रिंटमधल्या चुका दिसल्या आणि माझं जिणं हराम झालं.

मग तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि तिथून त्याने आपलं दुकान पाहिलं. शोकेसच्या मधोमध मामीचा मोठा फोटो होता. तिच्या गेल्या वाढदिवसाला त्याने स्वतः काढलेला, स्वतः कोरलेला, स्वतः लावलेला. मान सुरकुत्यांनी चिरलेली, केस तारा झालेले, चेहऱ्याभोवती पांढरी रेघ. कट रचला तेव्हाही मामीने या फोटोला हात लावू दिला नव्हता. मामा बराच वेळ तिकडेच उभा राहिला, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग आत आला.

"वर्षभर हा रस्त्याकडे तोंड करून होता," तो म्हणाला. "तू काढून का टाकला नाहीस?"

मामी पाकिटं चिकटवत होती. "रोज सकाळी कुलूप काढायच्या आधी तुम्ही या फोटोपुढे उभे राहून बघत होतात. लग्नानंतर माझ्याकडे एवढं कधी बघितलं होतंत?"

मामाने फोटो उतरवला. मामीला हाताला धरून खिडकीशी बसवलं, कॅमेरा घेतला आणि नुसताच उभा राहिला. पाकिटं खोळंबली होती. "अहो, काढा ना," मामी म्हणाली.

"थांब," मामा म्हणाला, "आधी बघू दे."