मंगळवारची मोजणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला सांगितलं नाही. ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी तळ्याकाठी फिरतो, त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा. मी मुळात भित्रा माणूस आहे, आणि अनोळखी माणसापुढे मला जरा बळ येतं.

माझं काम ऐकून लोक हसतात. मी रस्त्यावरची माणसं मोजतो. रस्ता रुंद करायचा ठरला की आधी आमच्यासारख्यांना पाठवतात. किती जण पायी ओलांडतात, किती सायकली, किती गाड्या, किती जनावरं — खुर्ची टाकून बसायचं आणि कागदावर रेघा ओढायच्या. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. त्या रेघांवरून पुढे ठरतं, रस्त्याखालून पायी जायचा बोगदा कुठे द्यायचा, गतिरोधक कुठे टाकायचा. सोलापुरातल्या एका लहानशा ऑफिसात मी वर्षानुवर्षं हेच करतोय, आणि मला ते आवडतं. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, कंटाळला असेल बिचारा.

काही वर्षांपूर्वी उजनीच्या पाणफुगवट्याकाठचा एक रस्ता चौपदरी करायचं घाटत होतं. तिथलं एक गाव रस्त्याच्या वरच्या अंगाला, आणि पाणी खालच्या अंगाला. गावाचं पोट त्या पाण्यावर. सकाळ झाली की पुरुष शेतीच्या पाणमोटारी चालू करायला उतरतात, बायका मासळीच्या पाट्या आणायला जातात, सायकलींना मागे क्रेट बांधलेले असतात, मेंढरं पाण्यावर जातात. हा रस्ता ओलांडल्याशिवाय तिथे कुणाचा दिवस सुरू होत नाही. हे मला ठाऊक होतं, पहिल्या पाहणीत मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे अजाणता घडलं असं म्हणायचीही सोय नाही.

मोजणी दोन दिवसांची होती, सोमवार आणि मंगळवार. सोमवारी उजाडताना मी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीशेजारी खुर्ची टाकली. टपरी कलावतीमावशीची. पहाटे मासळी विकायची आणि मग दिवसभर चहा, असा तिचा संसार. आठ वाजून गेले तरी माझा कागद जवळजवळ कोरा. मावशी चहा देता देता हसली.

"सायेब, आज कोन दिसायचं न्हाय की. आमचं गाव सोमवार पाळतंय. आज पान्यात जाळं न्हाय, रानात पाय न्हाय. उद्या बसा, रेघा मारून हात दुकंल तुमचा."

मी म्हणालो, उद्या येतोच मावशी. एवढ्यावर थांबायचं ना? पण नाही. उगाच मोठेपणा करत म्हणालो, नीट मोजतो, म्हणजे इथेच बोगदा होईल, गाड्यांची भीती राहणार नाही. तिने चहाचे पैसे घेतले नाहीत.

असा गावाने पाळलेला सुट्टीचा दिवस लागला तर तो कागद बाद करायचा असतो. मी बाद केला नाही. शेंगा फोडत संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. आणि मंगळवारी —

मंगळवारी मी गेलोच नाही.

का? कितीदा शोधलंय मी कारण. मुलगी तापाने फणफणली होती असं सांगू का? ती ठणठणीत होती. गाडी बंद पडली होती? नाही. ऊन होतं आणि मला आळस आला, दुसरं काही नाही. घरी कूलरपुढे पालथा पडून मी मंगळवारचा कागद भरला. सोमवारच्याच रेघा, दोन-चार इकडेतिकडे केलेल्या. संशय येऊ नये म्हणून पेन बदललं. कोपऱ्यावर चहाचे दोन थेंबही शिंपडले. इतकी मेहनत! तेवढ्या वेळात मी टेंभुर्णी ओलांडून त्या गावात पोचलो असतो. फॉर्ममध्ये एक रकाना होता, त्या दिवशी गावात सण, बाजार, सुट्टी असं काही होतं का. दोन्ही दिवसांपुढे मी 'नाही' लिहिलं.

बोगदा तिथून बराच पुढे, कारखान्याच्या फाट्यावर झाला. गावाला मिळाले रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि 'वाहने हळू चालवा' अशी एक पाटी.

गेल्या वर्षी मासळीची पाटी घेऊन येताना कलावतीमावशीला पिकअपने उडवलं. जीव वाचला. पायात सळई घातली. गाव चिडून उठलं, तेव्हा समजूत घालायला ऑफिसने मलाच पाठवलं. आता मी तिथला अनुभवी माणूस ना! देवळापुढे माणसं जमली होती, आणि एकजण तोंडावर म्हणाला, आमची मोजणीच झाली नसेल.  खरं सांगतो, मला थोडं हलकं वाटलं. म्हटलं, आता निघेल सगळं बाहेर.

तेवढ्यात मावशी काठी टेकत उठली.

"ह्या सायबास्नी कुनी काय बोलू नगा. सोमवारी माज्या टपरीपाशी बसलं हुतं दिसभर. मंगळवारी मी बाजारला गेलते, पर आलंच आसतील की. मला सबूद दिलता त्येंनी."

पुढे आलेली माणसं परत खाली बसली.  तेव्हा एक वाक्य पुरलं असतं — मोजणी खोटी आहे, पुन्हा करा. माझी नोकरी गेली असती, कदाचित. त्याहून जास्त मला मावशीच्या तोंडाकडे बघायची भीती वाटली.

सरपंचबाईंनी तिथेच अर्ज लिहायला घेतला, की आमच्या गावची दोन दिवस झालेली मोजणी तपासावी आणि आम्हाला बोगदा द्यावा. तारखांची जागा मोकळी ठेवून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी दोन्ही तारखा लिहिल्या. माझ्या अक्षरात. खाली मावशीने अंगठा उठवला.

महिन्याभराने उत्तर आलं. दोन्ही दिवसांची मोजणी रीतसर झालेली असून त्या जागी वर्दळ नाही, सबब मागणी मान्य करता येत नाही. त्याची प्रत आमच्या ऑफिसला आली. ती मीच फाइलला लावली.

मावशी अजून पाण्यावर जाते. चार पदर आहेत रस्त्याला, आणि ती काठी टेकत ओलांडते.