अंतू तांडेलांचं पाणी

त्या वर्षी पितृपक्ष लागला तेव्हा मी अगदी थकून गेलो होतो. अंगाचा थकवा चार दिवसांच्या विश्रांतीने गेला असता. पण शास्त्र, विधी, पूर्वज या साऱ्यांचाच मला वीट आला होता, आणि तो कुणापाशी बोलून दाखवायची सोय नव्हती. नाशिकला मी शाळेत मास्तर होतो आणि पंचवटीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. वडील अर्धांगाने पडले तेव्हा त्यांना कोकणातून आमच्याकडे आणलं. वाटलं होतं, गोदावरीच्या, आमच्या गंगेच्या, काठी म्हाताऱ्याचे शेवटचे दिवस बरे जातील. पण त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता, आणि तो माझ्याच्याने मिटत नव्हता.

हा घोर त्यांच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा. आमचं घराणं दर्यावर्दी. पणजोबा गलबतावर तांडेल होते. गलबत त्यांच्या हुकमाने चालायचं. एका वर्षी ते मस्कतहून खजूर भरून निघाले आणि परत आलेच नाहीत. गलबताची फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. गावाने सगळ्यांना बुडालेलं धरलं आणि खलाशांच्या बायकांनी बांगड्या फोडल्या. माझ्या पणजीने मात्र कुंकू पुसलं नाही. ‘ते आहेत,’ एवढंच ती म्हणायची. तिने मुलाकडून वचन घेतलं, की आपल्या बापाला पिंड द्यायचा नाही. गावच्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवीनाशा झाल्या. विहिरीवर ‘खोटं कुंकू’ म्हणून तिच्या पाठीमागे हसायच्या. वडिलांची आई लवकर गेल्यामुळे ते या आजीच्याच पदराखाली वाढले. हसणाऱ्या बायकांना त्यांनी लहानपणी दगड मारले होते, असं ते सांगायचे.

गावात एक रिवाज मात्र चालू राहिला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देताना त्या गलबतावरच्या साऱ्यांची नावं मोठ्याने घ्यायची. अंतू तांडेल, बाबी, धाकू, भिक्या, लाडू, सोमा, इस्माईल. लहानपणी आम्हाला पाढ्यांच्या आधी ही नावं पाठ असायची. इस्माईल खाडीपलीकडच्या मुसलमान वाडीतला. त्याच्या घरचेही नारळ घेऊन यायचे.

आता वडिलांना वाटायला लागलं होतं, की आपण गेल्यावर आजोबांची आठवण ठेवणारंही कोणी उरणार नाही, तेव्हा त्यांचं पाणी सुटलं पाहिजे. मी उपाध्यायांना विचारलं. ते म्हणाले, ज्याच्या मरणाचा ठावठिकाणा नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून आधी दहन करावं लागतं, पुढचं सगळं त्यानंतर. मला ते सोपं वाटलं. वडील मात्र वाकड्या ओठांनी, एकेक शब्द ओढत म्हणाले, ‘‘आजो बुडालो असा कोणी सांगल्याशिवाय तेचो पुतळो जाळूचो नाय. जित्या माणसाक जाळलंव तर?’’

जिवंत असते तर पणजोबा तेव्हा सव्वाशे वर्षांचे झाले असते! पण आजारी माणसाशी हिशेब काय घालायचा? मी शोधाला लागलो. सुट्टीत मुंबईला जाऊन बंदराची जुनी दप्तरं पाहिली. तिथे गलबतांची नावं होती, मालाचे बोजे होते, जकात होती. खलाशांची नावं लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. रत्नागिरीच्या कचेरीला अर्ज केले, त्यांना उत्तरं आली ती ‘आढळ होत नाही’ अशी. मग नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या राहिल्या. गंगेवर आलेला यजमान त्यात आपल्या हाताने कुळी लिहून जातो. दोन महिने शाळा सुटल्यावर मी उपाध्यायांच्या ओटीवर बसून मोडी अक्षरं लावत होतो. आमच्या गावची माणसं सापडली. आडनावाचे सापडले. एका दूरच्या चुलत्याने आपल्या कुळीत पणजोबांचं नाव टाकलं होतं आणि पुढे हयात की मयत काहीच न लिहिता जागा कोरी सोडली होती. त्या कोऱ्या जागेकडे पाहून मला रडावंसं वाटलं.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी मी रामकुंडावर गेलो तो शेवटची वही पाहून. तीतही काही नव्हतं. घरी जाऊन वडिलांना तोंड दाखवायचं होतं, पण पायऱ्यांवर पाऊल उचलेना. चारी बाजूंनी दर्भ, तीळ, पिंड, मंत्रांचा कल्लोळ, दक्षिणेवरून हुज्जत. मी बाजूच्या एका ओल्या पायरीवर सरळ बसून घेतलं. विद्यार्थी कोणी पाहील, मास्तर असे काय बसलेत म्हणेल, याचीही पर्वा राहिली नाही. आणि मनात म्हटलं, ‘गंगामाई, माझ्याच्याने आता होत नाही. तो माणूस तुझा, त्याचं पाणी तुझं. तुला द्यायचं तर दे, नाहीतर बुडव.’ ही काही प्रार्थना नव्हती. थकलेल्या माणसाची चिडचिड होती ती.

माझ्या खालच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, एक म्हातारी उभी होती. खेड्यातली दिसत होती. तिच्याजवळ ना ब्राह्मण, ना दर्भ. ओंजळीत पाणी घ्यायची, एक नाव पुटपुटायची आणि सोडून द्यायची. माझं तिकडे लक्षही गेलं नसतं. पण इतक्या मंत्रांच्या गर्दीत, रामकुंडावर, मी स्पष्ट ऐकलं : ‘‘इस्माईल.’’

मी चमकून पाहिलं. तिचं आटोपलं असावं, ती पदराला हात पुसत होती. मी विचारलं, ‘‘मावशी, हे कुणाला पाणी दिलंत?’’

ती जरा बावरली. मी उपाध्याय नाही हे पाहून म्हणाली, ‘‘दर्यात ऱ्हायलेत त्यान्ला, बाबा. आमच्या घरची रीत हाय. धनी व्हते तवर ते द्यायचे, आता मी देते.’’

‘‘पुन्हा एकदा नावं घ्याल?’’

तिने एकेक बोट दुमडत घेतली. बाबी, धाकू, भिक्या, लाडू, सोमा, इस्माईल. तोच क्रम. तोच हेल. नारळी पौर्णिमेला आम्ही पोरं किनाऱ्यावर ओरडायचो तसाच. फक्त पहिलं नाव त्यात नव्हतं.

मी तिला हात धरून पायरीवर बसवलं आणि तिने सांगितलं ते असं. तिचं सासर गंगापूरच्या बाजूला, नदीकाठी. सासऱ्याच्या घरची पार नेणारी होडी होती. ‘‘म्या नाय बघितला त्या मानसाला. सासू सांगायची. कुठून पायी आला, तापानं फनफनलेला. आजेसासऱ्यानं घरात घेतला, तो ऱ्हायलाच. दोर वळायचा, होडी अशी दुरुस्त करायचा का थेंब आत येनार नाय. पन सोता कदी होडीत बसला नाय. पल्याड जायाचं तर कोसभर फिरून उथळ उताराकडनं चालत जायाचा. दर आवसेला या सा जनान्ला पानी द्यायचा. घरी का जात नाय इचारलं तर म्हनायचा, आधी त्यांची दारं लागत्यात, मंग माझं.’’

आमच्या गावात बंदरावरून वर येणारी वाट एकच आहे. तिच्यावर, एका इस्माईलचं सोडलं तर, आधी खलाशांची घरं लागतात आणि आमचं सगळ्यात शेवटी. त्या वाटेवरून मी हजारदा गेलो असेन. गलबत बुडवून एकटा वाचलेला तांडेल ती वाट कशी चालला असता, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

‘‘आणि त्याला स्वतःला पाणी?’’ मी विचारलं.

‘‘त्याचं नावच ठाव नाय कुनाला. म्हनायचा, माझं घर हाय, माझं तिथं देतील.’’ ती उठली. ‘‘मोठ्या दुष्काळात सासूनं आपल्या ताटातली भाकर दिली त्याला. लय म्हातारा झाला व्हता. दुष्काळ सरल्यावर गेला. आमच्याच मानसांनी गंगेवर जाळला.’’

तिच्याबरोबरची माणसं हाका मारत होती. मी वाकून तिच्या पायाला हात लावला तशी ती संकोचली, ‘‘आरं, मास्तरावानी दिसतोस आन् माझ्या पाया काय पडतोस,’’ असं म्हणून गर्दीत गेली.

घरी जाताना आनंद व्हायला हवा होता, पण मी मुद्दाम लांबच्या वाटेने चाललो होतो. वडिलांना काय सांगू? ज्या आजीने जन्मभर वाट पाहिली, तिचा नवरा जिवंत होता आणि आला नाही, हे? म्हाताऱ्याला जाताजाता हा घाव कशाला? बुडाले म्हणून सांगावं, पुतळा जाळावा आणि मोकळं व्हावं, असंही मनात आलं. दारापर्यंत मी खोटं बोलायचं ठरवत होतो. पण त्यांच्या अंथरुणापाशी बसलो आणि सगळं जसंच्या तसं तोंडातून गेलं. माझ्या हातात काही राहिलंच नव्हतं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग त्यांनी विचारलं, ‘‘दुष्काळ सरल्यार गेलो?’’

‘‘हो. तसंच म्हणाली ती.’’

‘‘आजये दुष्काळाच्या आधीच गेली रे.’’ त्यांचा धड असलेला हात माझा हात शोधत आला. ‘‘म्हणजे तिचा कुकू खोटा नाय होता.’’

आणि ते लहान मुलासारखे रडले. दोन वर्षं मी पुराव्यासाठी वणवण केली. त्यांना पिंडाचा घोर आहे असंच मी धरून चाललो होतो. त्यांच्या मनात काय सलत होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी रामकुंडावर पणजोबांना पिंड दिला. पुतळ्याची गरज पडली नाही. त्यांना अग्नी देणारी माणसं केव्हाच भेटली होती. पाणी सोडताना पहिलं नाव मी घेतलं, अंतू तांडेल, आणि पुढची सहाही घेतली. इस्माईल म्हणताना उपाध्यायांनी भुवया उंचावल्या, पण पळीभर पाणी माझ्या ओंजळीत घातलं.

वडिलांचं समाधान एवढ्याने झालं नाही. सवाष्ण गेलेल्या बाईची अविधवा नवमी असते. ती आजीची कधीच झाली नव्हती, कारण गावाने तिला विधवाच धरलं होतं. पुढच्या वर्षी ती करायची, असं त्यांनी मला बजावलं. उपाध्याय म्हणाले, नवरा गेल्यावर नवमी बंद होते, आता करता येत नाही. वडील अंथरुणावरून म्हणाले, ‘‘सुरूच नाय झाली, ती बंद कशी होतली?’’ उपाध्यायांनी पुढच्या वर्षी यायचं कबूल केलं.

मार्गशीर्षात वडील शांतपणे गेले. पुढच्या भाद्रपदात आम्ही नवमी केली. बायकोने सवाष्णीची ओटी भरली, हिरवा चुडा दिला. ती म्हातारी मला पुन्हा भेटली नाही. गंगापूरच्या काठाने दोनदा विचारत फिरलो, मग विचारणं सोडून दिलं. जे शोधून मिळालं नाही ते बसून मिळालं होतं, तेव्हा आणखी मागणं बरं दिसलं नसतं. आता दर अमावास्येला मी गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि नावं घेतो. शेवटची ओंजळ त्या मावशीच्या घरातल्यांसाठी सोडतो. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, पण गंगेला ठाऊक असतील.

पहिल्या नवमीला सवाष्ण जेवून उठली तेव्हा बायकोने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग, मला न विचारता, पणजीच्या नावाने मांडलेल्या रिकाम्या पाटालाही बोटभर लावलं.