वांग्याच्या शेतातला शिंपी

कपाट आवरताना फिल्म रोलची जुनी डबी सापडली. झाकण उघडताच तो आंबूस वास आला आणि मला मखमलाबादचं वांग्याचं शेत आठवलं. सत्त्याण्णव सालचा मे महिना होता. शिंपी पक्ष्याने पान शिवून घरटं केलं होतं, आत तीन पिल्लं होती. त्यांच्यावर सावली धरणारं दुसरं पान फोटोच्या आड येत होतं, म्हणून मी ते दोऱ्याने मागे बांधलं. फोटो काढले आणि घरी आलो.

जेवायला बसलो तेव्हा आठवलं, दोरा सोडायचा राहिला. ऊन तर डोक्यावर आलेलं. ताट तसंच सोडून स्कूटर काढली. रस्ता काही संपेना, पिल्लं डोळ्यांपुढून हलेनात.

शेताच्या मालकीण जनाबाई बांधावरच उभ्या होत्या.

“दोरा मी सोडला. पिल्लं जित्ती हायेत.”

सुटकेचा निःश्वास टाकून मी घरट्याकडे निघालो, तर त्या आडव्या आल्या.

“पाखरू लय घाबरलंय, नका जाऊ. आन् दोरा सोडायला आले, तर गळ्यात कॅमेरा कशाला?”

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.