पॅडची उत्तरपूजा

यातला कुठला किस्सा सकाळचा आणि कुठला दुपारचा, हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, डॉक्टरेट केली, तरी गॅस बंद केला का हे बघायला आजही मी अर्ध्या रस्त्यातून घरी परततो. तेव्हा माझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. शिवाय त्या जलतरण स्पर्धेचं असं झालंय, की कुठल्याही लग्नात आमच्यापैकी दोघं भेटले की एक जण एक किस्सा काढतो, दुसरा त्याला आपला जोडतो. ढीग वाढतच जातो.

*

मलकापुरात एका संस्थेचा पोहण्याचा तलाव आहे. संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे बापूसाहेबांना, वाटलं की यंदा जिल्हा स्पर्धेचा टाइम मशीनवर घ्यायचा, आणि मशीन वायरलेसच हवं. का? तर शेजारच्या जिल्ह्यानं वायरवालं आणलं होतं. इतकं शास्त्रीय कारण मी विद्यापीठाच्या खरेदी समितीतसुद्धा ऐकलं नव्हतं. मशीनप्रमुख म्हणून माझी निवड झाली. मी म्हणालो, मला पोहताही येत नाही. बापूसाहेब म्हणाले, "मशीनले कुठं येते?"

या सगळ्यात खरी काळजी एकाच मुलीची होती. डोणगावची पल्लवी, वयोगटातलं शेवटचं वर्ष. राज्याच्या शिबिरासाठी मशीननं नोंदवलेलाच टाइम चालणार होता, हातातल्या स्टॉपवॉचचा नाही. तिचे कोच गवई सर. ते शाळेत पीटी शिकवत आणि संस्कृतचे मास्तर रजेवर गेले की संस्कृतही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मशीन चाललं तर पोरगी शिबिराले जाते. नाही चाललं तर तिचं पोहणं इथंच संपते. मी तुमच्यावर प्रेशर नाही टाकून राह्यलो."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

*

मशीनची खोकी उघडली तर आत वायरीच वायरी. बापूसाहेबांनी एक भेंडोळं उचलून धरलं.

"वायरलेस हाय तर एवढ्या वायरी काऊन, सर?"

मी समजावलं. पोहणारा भिंतीवरच्या पॅडला धडकतो. पॅडपासून काठावरच्या डबीपर्यंत वायर, आणि डबीपासून आपल्या टेबलापर्यंत सिग्नल हवेतून.

"म्हणजे अर्धंच वायरलेस," ते म्हणाले. "नाव मात्र पुरं लावलं बेट्यानं."

त्यातच संस्थेच्या सेक्रेटरींनी 'वायरलेस' हा शब्द ऐकून पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता. स्पर्धेच्या सकाळी एक हवालदार आले, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "मेसेज कोणाले द्याचा?" मी म्हणालो, कोणालाच नाही. इतकी आवडती ड्युटी त्यांना आधी मिळाली नसावी.

*

माझी भीती वेगळीच होती. पाण्यात वीज उतरली तर? पॅड छोट्या बॅटरीवर चालतं, त्यानं माशीही मरणार नाही, हे मला फिजिक्सनं कळत होतं. पण मला फिजिक्सनं कळलेल्या गोष्टी छातीत धडधडताना आठवत नाहीत. मी मशीनवाल्याला नागपूरला फोन करून तोच प्रश्न इतक्यांदा विचारला, की शेवटी तो फार नम्रपणे म्हणाला, "सर, आपलं शिक्षण?"

मी सांगितलं. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.

*

नवीन वस्तू म्हणजे पूजा आलीच. स्पर्धेच्या दिवशीच, शर्यतींच्या आधी, नांदुऱ्याहून महाराज बोलावले होते. फार शुद्ध बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळ्या पॅडना हळद-कुंकू लावलं. मी तेव्हा चाचणीसाठी घड्याळ चालू ठेवलं होतं. 'तिथे नको' हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत महाराजांनी चौथ्या लेनच्या पॅडवरच नारळ फोडला, आणि बोर्डावर चौथ्या लेनचा टाइम झळकला.

त्या मशीननं नोंदवलेला पहिला विजेता नारळ आहे. प्रसाद म्हणून आम्ही त्याला खाल्लं.

*

पहिली शर्यत. स्टार्टरच्या हातातल्या डबीतून 'पीं' वाजलं की घड्याळ सुरू होणार होतं. पोरं ठोकळ्यांवर वाकली. स्टार्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, "मशीन तयार?" मी पुन्हा एकदा सगळे दिवे तपासत होतो. सकाळपासून मेसेजची वाट बघून कंटाळलेले हवालदार माझ्या वतीनं खणखणीत आवाजात म्हणाले, "हाव!"

सगळ्या पोरांनी उड्या मारल्या.

पीं वाजलंच नाही, म्हणून घड्याळ शून्यावर. पोरं जीव तोडून पोहली, पोचली, बोर्डावर शून्य. बापूसाहेबांनी माइकवरून नव्या रेकॉर्डबद्दल सर्वांचं अभिनंदन केलं.

*

खरा घोळ शंभर मीटरला झाला. त्यात पॅडच्या भिंतीशी वळताना पायानं जोरात रेटा द्यायचा असतो. पण हळद-कुंकू लावलेल्या वस्तूला पाय कोण लावणार? पोरं पॅडपाशी येऊन थबकायची, देवळाच्या पायरीला लावावा तसा हात लावायची आणि हळूच वळायची. मशीनला तो स्पर्श कळेचना. एकाचा सवयीनं पाय लागला. तो तिथंच थांबला, पॅडवर हात दाबून कपाळाला लावला, मग पुढे गेला. मशीननं त्याचे सगळे स्पर्श मोजले आणि शर्यत मध्येच संपल्याचं जाहीर केलं.

पंच वैतागले. म्हणाले, मशीन बंद करा, फायनल स्टॉपवॉचवर घेऊ.

पल्लवी काठावर टॉवेल गुंडाळून उभी होती. तिच्या घरी देव्हारा नाही, गवई सरांच्याही नाही, दोघंही बौद्ध. तिला पॅडला लाथ मारायला काहीच अडचण नव्हती. पण मशीन बंद म्हणजे सगळ्यांसाठीच बंद. मी पंचांना काहीतरी समजावायला गेलो आणि नेहमीप्रमाणे बॅटरीच्या व्होल्टेजपासून सुरुवात केली.

गवई सर शांतपणे म्हणाले, "बापूसाहेब, गणपती उठवतेत ना तशी पॅडची उत्तरपूजा करून टाका. मंग ते नुसतं प्लास्टिक. महाराज नांदुऱ्याले पोचले असतीन, फोन लावा, फोनवर होते." आणि पल्लवीची टोपी राहिली म्हणत ते कपडे बदलायच्या खोलीकडे गेले.

बापूसाहेबांनी फोन लावला, माइकसमोर धरला. लगेच उचलला गेला. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता. नांदुऱ्याची रेंज, दुसरं काय! बरंच संस्कृत झालं. हवालदारांनी उभं राहून हात जोडले. शेवटी महाराज म्हणाले, "झालं विसर्जन. आता लाता मारा बिनधास्त."

गवई सर टोपी घेऊन परत आले. फायनल मशीनवर झाली. पल्लवीनं वळताना अशी लाथ मारली की माझ्या टेबलावरचा चहा हलला, असं मला आठवतं. बोर्डावर तिचा टाइम आला, आणि त्याच टाइमवर ती शिबिराला गेली.

*

बऱ्याच वर्षांनी नांदुऱ्याला एका लग्नात ते महाराज भेटले. मी त्यांचे मनापासून आभार मानले. म्हणालो, तुमच्या उत्तरपूजेमुळे एका मुलीचं भलं झालं.

"कसली उत्तरपूजा?" महाराज म्हणाले. "त्या दिवशी माझा फोन तुमच्या तलावावरच विसरला होता. संध्याकाळी ते गवई सर स्वतः घरी आणून देऊन गेले."